चुंबकीय फितीकडून डिजिटल मुद्रणाकडे : मालेगावच्या स्थानिक चित्रपटांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

चुंबकीय फीत श्रेष्ठ की डिजिटल मुद्रण श्रेष्ठ, हा वाद मुख्यत्वे संगीताच्या ध्वनिमुद्रणगृहांत वाढला. फितीवरील आवाजात एक प्रकारची ऊब व गोलाई असते, असे एक पक्ष मानतो. दुसऱ्या पक्षाला डिजिटल मुद्रणातील स्वच्छता आणि अचूकता महत्त्वाची वाटते. हा वाद श्रोत्याच्या कानाचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकासमोर मात्र निराळे प्रश्न उभे राहतात. मुद्रणाचे साधन कोणाच्या हाती होते, त्यावर काय नोंदले गेले आणि त्यापैकी काय टिकून राहिले? नाशिक जिल्ह्यातील मालेगाव या यंत्रमागाच्या शहरात तयार झालेल्या स्थानिक चित्रपटांच्या आधारे या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

तांत्रिक भेद

चुंबकीय फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो. ध्वनीच्या चढउतारानुसार या थरातील कणांचे चुंबकत्व कमी-अधिक होते आणि फीत फिरवली असता तेच चढउतार पुन्हा ऐकू येतात. म्हणजे फितीवर ध्वनीची सलग प्रतिकृती उमटते. या पद्धतीत फितीची स्वतःची खरखरही मुद्रणात मिसळते. एका फितीवरून दुसरी प्रत काढली की ही खरखर वाढते आणि मूळ ध्वनीतील बारकावे घटतात. प्रतीची प्रत, तिचीही प्रत, असे होत गेले तर मूळ आवाज क्रमाक्रमाने अस्पष्ट होतो.

डिजिटल मुद्रणात ध्वनीचे ठरावीक अंतराने मापन करून त्याचे अंकांत रूपांतर केले जाते. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी दर सेकंदाला ४४,१०० वेळा मापन आणि प्रत्येक मापनास १६ बिट हे प्रमाण ठरविण्यात आले. अंकांची नक्कल बिनचूक होऊ शकत असल्याने शंभरावी प्रतही पहिलीसारखीच राहते. प्रतींमधील हा फरक पुढील विवेचनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे.

ध्वनिमुद्रणगृह ते कॅसेट

मुंबईच्या चित्रपटसंगीतात प्रदीर्घ काळ गायक आणि संपूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी एका दालनात बसून गीत मुद्रित करीत. एका वादकाची चूक झाली तरी सर्वांना पुन्हा प्रारंभ करावा लागे. अनेक मार्गांची फीत आल्यावर गायन आणि वादन वेगवेगळ्या वेळी मुद्रित करून नंतर एकत्र करणे शक्य झाले. तरीही ही यंत्रसामग्री खर्चिक असल्याने ती मोजक्या संस्थांच्याच ताब्यात राहिली.

या मक्तेदारीला पहिला धक्का फितीनेच दिला, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली छोटी ध्वनिफीत १९८० च्या दशकात भारतात सर्वदूर पोहोचली. ध्वनिमुद्रिकेच्या तुलनेत कॅसेटचे उत्पादन स्वस्त होते आणि कमी खपाच्या संगीतालाही त्यात स्थान मिळू शकत होते. महाराष्ट्रात भीमगीते, कोळीगीते, लोकगीते आणि भक्तिगीते यांचा मोठा प्रसार कॅसेटद्वारे झाला. प्रल्हाद शिंदे आणि त्यांचे पुत्र आनंद व मिलिंद शिंदे यांचा आवाज गावोगावी पोहोचण्यात कॅसेटचा वाटा मोठा होता. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात उत्तर भारतातील याच प्रक्रियेची सविस्तर मांडणी केली आहे. ध्वनिफितीने जे संगीताच्या क्षेत्रात घडविले, तेच चित्रफितीने मालेगावात चित्रपटाच्या क्षेत्रात घडविले, असे म्हणता येईल.

मालेगावातील चित्रफीत

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास भारतात रंगीत दूरचित्रवाणी आली आणि पाठोपाठ व्हीसीआरचा प्रसार झाला. लहान शहरांतून व्हिडिओ पार्लर उभी राहिली. मालेगावात यंत्रमागांना शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी असते. त्या दिवशी चित्रपट पाहणे हा कामगारांच्या जीवनक्रमाचा भाग होता. अशाच एका व्हिडिओ पार्लरशी निगडित असलेल्या शेख नासिर यांनी इ. स. २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ हा विडंबनपट घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यावर तयार केला. कलावंत स्थानिक होते, खर्च अत्यल्प होता. गब्बरचा ‘रबर’ झाला आणि बसंतीची ‘बासमती’. घोड्यांची जागा सायकलींनी घेतली.

येथे एक विरोधाभास लक्षणीय ठरतो. १९७५ चा मूळ ‘शोले’ ७० मिलिमीटर पडद्यावर, अनेक मार्गांच्या स्टीरिओफोनिक ध्वनीसह प्रदर्शित झाला होता. ध्वनितंत्राच्या दृष्टीने तो त्या काळातील भारतीय चित्रपटाचा उच्चांक होता. त्याचेच विडंबन मालेगावात घरगुती फितीच्या मर्यादित ध्वनीसह झाले आणि प्रेक्षकांनी त्याचे उत्साहाने स्वागत केले. ध्वनीची प्रत आणि कलाकृतीचा सामाजिक स्वीकार यांचा थेट संबंध नसतो, हे यावरून दिसून येते. आपले शहर, आपली बोली आणि आपल्या ओळखीची माणसे पडद्यावर दिसणे ही बाब प्रेक्षकांना अधिक मोलाची वाटली.

फितीवरील काम मात्र कष्टाचे होते. संगणक उपलब्ध नसलेल्या लहान शहरांत दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून संकलन केले जाई. एका यंत्रावरील हवा तेवढा भाग दुसऱ्या यंत्रावर क्रमाने उतरवायचा, अशी ही पद्धत होती. मधला एखादा प्रसंग वाढवायचा झाल्यास तेथून पुढचे सर्व काम पुन्हा करावे लागे. संकलित फीत हीच मुळात दुसऱ्या पिढीची प्रत असे. प्रदर्शनासाठी काढलेली फीत त्याहूनही पुढची. रंग पसरत, संवाद दबत.

डिजिटल साधने आल्यावर हे चित्र पालटले. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ च्या माहितीपटात ‘मालेगाव का सुपरमॅन’ या चित्रपटाची निर्मिती पाहावयास मिळते. नायकाला आकाशात उडविण्यासाठी एकरंगी पडद्यापुढे चित्रीकरण करून संगणकावर पार्श्वभूमी बदलण्यात आली. हे फितीवरील संकलनात जवळजवळ अशक्य होते. नायकाची भूमिका यंत्रमाग कामगार शफिक शेख यांनी केली. त्यानंतर काही काळातच कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पुढील काळात मालेगावातीलच जेकेके एंटरटेनमेंटच्या ‘छोटू दादा’ या विनोदी पात्राच्या चित्रफिती यूट्यूबद्वारे शहराबाहेरील फार मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत पोहोचल्या. तेव्हा असे म्हणता येईल की, निर्मितीचे साधन सामान्यांच्या हाती फितीने दिले आणि वितरणाचे साधन डिजिटल तंत्राने दिले. मुद्रणाचे लोकशाहीकरण केवळ डिजिटल युगात झाले, हे प्रचलित विधान म्हणून अपुरे ठरते.

जतनाचा प्रश्न

२००६ आणि २००८ मधील बॉम्बस्फोटांमुळे मालेगावचे नाव देशभर चर्चेत राहिले. वृत्तपत्रे व न्यायालयीन कागदपत्रे यांतून उद्या या शहराचा इतिहास लिहिला गेला, तर त्यात हिंसेची नोंद सापडेल. पण तेथील रस्ते, पोशाख, बोलीतील विनोद आणि कामगारांची स्वप्ने यांची नोंद सापडणार नाही. ती या चित्रफितींत आहे. म्हणून त्या केवळ करमणुकीची साधने नसून प्राथमिक ऐतिहासिक साधने ठरतात.

ही साधने नाशवंत आहेत. उष्णता, दमटपणा आणि बुरशी यांमुळे फितीवरील थर सुटू लागतो. त्याहूनही गंभीर बाब म्हणजे फीत शाबूत असली तरी ती वाजविणारे यंत्र मिळेनासे होते. व्हीएचएस यंत्रे बनविणाऱ्या अखेरच्या ज्ञात कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये त्यांचे उत्पादन थांबविले. युनेस्को आणि ध्वनी व दृकश्राव्य अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात चुंबकीय फिती वाचण्याची व्यवहार्य मुदत २०२५ च्या सुमारास संपेल, असे अनुमान होते. ते वर्ष मागे पडले आहे.

डिजिटल रूप म्हणजे कायमची सुरक्षितता, असेही मानता येत नाही. ध्वनिमुद्रणगृहांत एके काळी प्रतिष्ठा पावलेल्या ‘डॅट’ या डिजिटल फितीची यंत्रे सोनी कंपनीने २००५ मध्ये बंद केली. जुनी चुंबकीय फीत खराब झाली तरी खरखरीसह काहीतरी ऐकू येते. बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून मात्र अनेकदा काहीच हाती लागत नाही. डिजिटल प्रतीचे सामर्थ्य तिच्या टिकाऊपणात नसून निर्दोष पुनःप्रतीत आहे आणि ती पुनःप्रत कोणीतरी वेळोवेळी काढावी लागते.

निष्कर्ष

मालेगावच्या संदर्भात फीत आणि डिजिटल मुद्रण हे प्रतिस्पर्धी नसून एका प्रक्रियेचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात निर्माण झालेले साहित्य दुसऱ्या टप्प्याच्या साहाय्याने वाचविणे शक्य आहे. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट २०२४ मध्ये टोरंटो महोत्सवात दाखविला गेला व २०२५ मध्ये सर्वत्र प्रदर्शित झाला. त्यामुळे या इतिहासाला प्रसिद्धी मिळाली. परंतु चित्रपटातील पुनर्निर्मिती हे दुय्यम साधन आहे, ते मूळ फितींची जागा घेऊ शकत नाही. स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास, उर्दू, हिंदी, मराठी आणि संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन शहरातील चित्रफितींची सूची करणे, मालकांच्या संमतीने त्यांच्या डिजिटल प्रती काढून त्या किमान दोन ठिकाणी ठेवणे आणि निर्माते, कलावंत व पार्लरचालक यांच्या मुलाखती नोंदविणे आवश्यक आहे. या कामी चालू स्थितीतील एक व्हीसीआर आणि तो दुरुस्त करू शकणारा एक जुना कारागीर यांचा शोध प्रथम घ्यावा लागेल.