विजेवरचा बिअर-संच आणि डहाणूची ताडी

डहाणू रोड स्थानकावरून तलासरीच्या दिशेने निघाले की शेतांच्या बांधांवर ताडाची उंच झाडे दिसू लागतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्यांतील काहींच्या शेंड्याला मडकी लटकलेली असतात. या मडक्यांत रात्रभर जमलेला रस पहाटे गोड असतो, ऊन चढेल तसा फसफसू लागतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचे मद्य झालेले असते. त्यासाठी ना चूल पेटवावी लागते, ना वीज लागते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे तो घरच्या घरी बिअर बनविण्याचा विजेवरचा ‘ऑल-इन-वन’ संच. अमेरिका वा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडे किंवा इंटरनेटवर अनेकांनी तो पाहिलेला असतो. डहाणू-बोर्डी परिसरात शेतघर असलेल्या मुंबईकराला तो तेथे न्यावासा वाटणेही अशक्य नाही. ताडी आणि बिअर या दोहोंच्या मुळाशी साखरेचे मद्यार्कात रूपांतर करणारे यीस्टच असते. फरक आहे तो त्याआधीच्या कामाचा, आणि संचाची किंमत मोजली जाते ती नेमकी त्याच कामासाठी.

बार्लीत साखर नसते, स्टार्च असतो. मोड आणून वाळविलेली बार्ली म्हणजे माल्ट. ते भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर मुरविले की त्यातील विकरे स्टार्चची साखर करतात. तापमान दोन-चार अंशांनी सरकले तरी चव बदलते, फारच चढले तर विकरे निकामी होतात. मग दाणे निथळून तो गोड काढा हॉप्स घालून सुमारे तासभर उकळायचा, वीस अंशांच्या आसपास झटपट थंड करायचा आणि यीस्ट घालून आठवडा-दोन आठवडे आंबवायचा. पूर्वी घरगुती बिअर करणाऱ्यांना यासाठी तीन वेगवेगळी पातेली लागत. ऑल-इन-वन संचात हे सारे एकाच स्टेनलेस स्टीलच्या उभ्या भांड्यात होते. त्याच्या तळाशी हीटर, आत दाण्यांसाठी उचलता येणारी जाळीची टोपली, बाजूला काढा फिरविणारा पंप आणि थर्मोस्टॅट असतो. न्यूझीलंडचा ग्रेनफादर, ऑस्ट्रेलियाचा ब्रूझिला आणि जर्मनीचा ब्राउमाइस्टर ही त्यांतील परिचित नावे होत.

संच निवडताना जाहिरातीतील मोबाइल अ‍ॅपपेक्षा हीटरची क्षमता आधी पाहावी. पंचवीस लिटर पाणी ३० अंशांवरून ६६ अंशांवर नेण्यास तीन किलोवॅटच्या हीटरला हिशेबाने २१ मिनिटे लागतात, दीड किलोवॅटच्या हीटरला ४२. तेथून उकळीपर्यंत पुन्हा जवळपास तेवढाच वेळ जातो आणि भांड्याच्या अंगातून वाया जाणारी उष्णता वेगळीच. अमेरिकेत घरगुती जोडणी १२० व्होल्टची असल्याने तेथील साध्या सॉकेटवर सुमारे सोळाशे वॅटपलीकडे जाता येत नाही. त्यामुळे तेथे भांड्याला उष्णतारोधक आवरण हवेच. २३० व्होल्टच्या देशांत ही अडचण नाही. मात्र तीन किलोवॅटचा संच तेरा अँपिअर वीज ओढतो, म्हणजे त्याला गीझरसारखे स्वतंत्र सॉकेट आणि खात्रीचे अर्थिंग हवे. दुसरी गोष्ट साफसफाईची. पंप आणि नळ्या सुट्या करून धुता येत नसतील तर तो संच कितीही देखणा असला तरी घेऊ नये. उकळी थांबल्यानंतर काढ्याला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक असावी लागते.

संच बनविणाऱ्यांनी गृहीत धरलेली एक गोष्ट किनारपट्टीवर मिळत नाही, ती म्हणजे थंड पाणी. संचासोबत येणारे वेटोळे नळाच्या पाण्याने काढा थंड करते, त्यामुळे तो त्या पाण्याहून थंड होऊ शकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत टाकीतले पाणीच कोमट असते. म्हणजे बर्फ आला, पुढे आंबविण्यासाठी वेगळा फ्रिज आला आणि खर्च संचापाशी थांबत नाही.

अर्थात, महाराष्ट्रात प्रश्न त्याआधीच अडतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे कलम १२ परवान्याशिवाय मद्यनिर्मितीस मनाई करते आणि कलम ६५ नुसार केवळ निर्मितीच नव्हे, तर त्यासाठी साहित्य व भांडी बाळगणे हाही गुन्हा ठरतो. विक्री करायची नव्हती, घरच्यापुरतीच केली, हा बचाव येथे चालत नाही. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली ती सूक्ष्म मद्यनिर्माणीच्या व्यावसायिक परवान्यावर. तो परवाना घरच्या स्वयंपाकघरासाठी नाही. तलासरीहून सीमा ओलांडून उंबरगाव तालुक्यात गेले तरी सुटका नाही, कारण गुजरातने मुंबई राज्याचा हाच कायदा वारशाने घेतला आणि अधिक कठोरपणे राबविला. अमेरिकेत घरगुती बिअरला संघीय कायद्याने १९७८ साली मोकळीक मिळाली. एका प्रौढाला वर्षाला १००, तर दोन वा अधिक प्रौढांच्या कुटुंबाला २०० गॅलनपर्यंत बिअर बनविता येते, विकता मात्र येत नाही. तेव्हा हा संच तेथील मराठी घरांत शोभतो. डहाणूच्या शेतघरात तो पुरावा ठरू शकतो.

आता ताड. संचाचे पहिले आणि सर्वांत किचकट काम, म्हणजे साखर तयार करणे, हे झाड स्वतःच करते. ताडाचा फुलोरा दाबून, हलके ठोकून मऊ केला जातो आणि त्याचे टोक धारदार कोयत्याने छाटले जाते. तेथून ठिबकणाऱ्या रसात साधारणपणे शेकडा दहा ते पंधरा साखर असते. जखम सुकून बंद होऊ नये म्हणून रोज पातळ काप घ्यावा लागतो. काप जाड झाला तर फुलोरा लवकर संपतो, घेतलाच नाही तर धार आटते. साठ-सत्तर फूट उंचीवर रोज चढून हे करणाऱ्या माणसाच्या हातातच या साऱ्या ‘यंत्रा’चे नियंत्रण असते. नारळाच्या झाडापासून मिळते ती माडी. शिंदीचा रस मात्र फुलोऱ्यातून नव्हे, तर खोडाला खाच पाडून काढतात. किनाऱ्यावर हे काम परंपरेने भंडारी समाजाचे, तर आतल्या गावांत वारली व इतर आदिवासीही ते करतात. ताडावर चढणारा माणूस आणि शेंड्याची मडकी हे वारली चित्रांतील नेहमीचे दृश्य आहे.

रसात यीस्ट घालावे लागत नाही. हवेतले, फुलोऱ्यावरचे आणि आधीच्या रसाने भिजलेल्या मडक्यातले यीस्ट पुरेसे असते. त्याच्यासोबत आंबटपणा आणणारे जिवाणूही येतात, म्हणून ताडी टिकत नाही. दिवसभरात मद्यार्काचे प्रमाण शेकडा चार-पाचपर्यंत, म्हणजे बिअरच्या जवळपास जाते आणि पुढे तिचा व्हिनेगरकडे प्रवास सुरू होतो. हे रोखायचे असेल तर मडक्याला आतून चुना लावतात आणि रस सूर्योदयापूर्वी उतरवून थंड ठेवतात. ही झाली नीरा. नीरा आणि ताडी यांत झाडाचा फरक नाही, तो चुन्याचा आणि काही तासांचा आहे.

कायद्याला हे ठाऊक आहे. त्यातील ‘ताडी’च्या व्याख्येत आंबलेला आणि न आंबलेला असे दोन्ही रस येतात, म्हणजे झाड छेदण्यापासूनच परवान्याचा प्रश्न सुरू होतो. (कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात ताडाला ‘ब्रॅब’ म्हटले आहे. हा शब्द पोर्तुगीज ‘ब्रावा’, म्हणजे जंगली, यावरून आला. तर इंग्रजांचा ‘टॉडी’ थेट आपल्या ताडीवरून.) ही नियंत्रणे स्वातंत्र्यानंतरची नाहीत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीचे झाड हे सरकारी महसुलाचे साधन ठरविले आणि झाडागणिक कर बसविला. स्वतःच्या बांधावरच्या झाडाचा रस काढणे ही आदिवासींची रीत होती, ती परवानगीची बाब झाली. विरोधाचा सूर केवळ सरकारी नव्हता, हेही नोंदविले पाहिजे. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांत सुरू होऊन सुरत जिल्ह्यापर्यंत पसरलेल्या ‘देवी’ चळवळीत दारू आणि ताडी सोडण्याच्या शपथा आदिवासींनी स्वतःहून घेतल्या. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ च्या ग्रंथात ती नोंदविली आहे.

नीरेच्या बाजूने प्रयत्न झाले आहेत. जून २०२० मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने डहाणू येथे नीरा आणि ताडगूळ यांचा प्रकल्प सुरू केला. सात दिवसांचे प्रशिक्षण घेतलेल्या २०० कारागिरांना प्रत्येकी १५ हजार रुपयांचा साहित्य-संच देण्यात आला. त्यात स्टेनलेस स्टीलची कढई, साचे, बर्नर, सुरे, दोर आणि कुऱ्हाडी होत्या. बिअर-संचाच्या तुलनेत तो साधाच. पण उकळणे, आटविणे आणि स्वच्छता ही कामे त्यातही आहेतच. उणीव राहते ती थंड साखळीची. झाडापासून दुकानापर्यंत रस गार राहिला नाही, तर बाटलीवर नीरा लिहिलेले असते आणि आत ताडी होत असते.

सहलीला आलेल्या पाहुण्याने निवड करायची ती हेच तास लक्षात ठेवून. ताजा रस पांढुरका, गोडसर आणि हलका फेसाळ असतो. उग्र वास आणि दातांना लागणारा आंबटपणा हे शिळेपणाचे लक्षण. खरा धोका शिळ्या ताडीचा नसून बनावट ताडीचा आहे. पाण्यात सॅकरिन आणि क्लोरल हायड्रेट हे गुंगीचे रसायन मिसळून विकण्याचे प्रकार राज्यात वारंवार उघड झाले आहेत. रस्त्याच्या कडेला बाटलीतून मिळणाऱ्या आणि भर पावसाळ्यातही मुबलक असणाऱ्या ‘ताडी’पासून दूर राहावे. परवानाधारक दुकानाबाहेर ती घेणे बेकायदा तर आहेच.

ज्यांना यांपैकी काहीच नको त्यांच्यासाठी उन्हाळ्यात ताडगोळे असतात. मात्र रसासाठी छाटलेल्या फुलोऱ्याला फळ धरत नाही. त्यामुळे मादी झाडाच्या कोणत्या फुलोऱ्याचा रस काढायचा आणि कोणता ताडगोळ्यांसाठी राखायचा, हे झाडाच्या मालकाला हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवावे लागते.