नेमणुकीचं पत्र

परवा टोरांटोच्या भाच्यानं फोनवर तिकडच्या बर्फावरच्या हॉकीतली एक गंमत सांगितली. 'ऑफर शीट'! करार संपलेल्या तरुण खेळाडूपुढे दुसरा संघ भक्कम पगाराचा कागद ठेवतो. जुन्या संघाला सात दिवसांची मुदत. तेवढेच पैसे देऊन पोरगा ठेवा, नाहीतर सोडा. रक्कम मोठी असेल तर बदल्यात पुढच्या ड्राफ्टमध्ये नवी पोरं निवडायचे हक्क घ्या. २०१९ मध्ये मॉन्ट्रियलनं कॅरोलायनाच्या सेबास्टियन आहोसाठी असा गळ टाकला, पण तो फुकट गेला. २०२१ मध्ये कॅरोलायनानं मॉन्ट्रियलचा एकवीस वर्षांचा कोटकानिएमी उचलून उट्टं काढलं. एका वर्षाचे ६१ लाख डॉलर, वर बोनस फक्त २० डॉलर, कारण आहोचा नंबर २०! (खोडसाळपणा सगळीकडे सारखाच.)

मला आपलं गोरेगाव आठवलं. हायवेलगत आज जिथे निरलॉन नॉलेज पार्क आहे ना, तिथल्या निरलॉन कंपनीच्या संघातून टाइम्स शिल्डमध्ये गावसकर, संदीप पाटील, रवी शास्त्री खेळले. स्टेट बँकेकडे वाडेकर, मफतलालकडे अशोक मंकड. पोरगा चमकला की नोकरीचं बोलणं यायचं. भरपाई वगैरे काही नाही. क्लबचंही फार बिघडत नसे. पावसाळ्यात कांगा लीगला तो क्लबकडूनच उतरायचा.

आमच्या मामाला असंच एका कंपनीचं पत्र आलं. दोन मोसमांत गुडघा गेला. पगार मात्र निवृत्तीपर्यंत चालू राहिला. आजीचं घर त्यावर चाललं, दोन मावश्यांची लग्नं झाली.

मग २००८ मध्ये आयपीएल आली. दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याबद्दल २०१० मध्ये रवींद्र जडेजावर मोसमभराची बंदी आली. २०१४ च्या लिलावात 'राइट टू मॅच' कार्ड निघालं, म्हणजे त्या ऑफर शीटचं चुलत भावंडच. नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्शदीपसाठी हैदराबादनं आकडा १८ कोटींवर नेला, पंजाबनं तेवढाच मोजून त्याला ठेवलं.

तो लिलाव मामा आमच्याकडेच बघत होता. आकड्यांवर काही बोलला नाही. परवाचा फोन मात्र त्यानं कान देऊन ऐकला, आणि भाच्याला विचारायला सांगितलंय, तिकडे गुडघा गेला तर पुढे काय?