नारायणगावचा फड : पुणे-नाशिक रस्त्यावरील एका तमाशा-संचाची वाटचाल

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर आणि नारायणगाव ही गावे ओलांडून संगमनेरला पोहोचतो. आज या रस्त्याची ओळख त्याच्या दक्षिणेकडील टोकावरून, म्हणजे पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथील कारखान्यांवरून होते. परंतु चाकणच्या माळरानावर मोटारींचे कारखाने उभे राहिले त्याच्या कितीतरी आधीपासून हा पट्टा मराठी तमाशाच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून होता. पेशवाईतील शाहीर अनंत फंदी (१७४४-१८१९) हे संगमनेरचे, शाहीर पठ्ठे बापूरावांच्या फडात गाजलेली आणि तमाशातील पहिली स्त्री-कलावंत मानली जाणारी पवळा त्याच तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील, आणि भाऊ-बापू मांग यांचा फड जुन्नर तालुक्यातील नारायणगावचा. दत्तोबा तांबे शिरोलीकर, वसंत अवसरीकर, गंगाराम कवठेकर ही नावेही याच परिसरातील गावे आडनावासारखी मिरवतात. चाकण आणि खेड तालुक्यातील गावे या फडांची हक्काची प्रेक्षकगावे होती, कारण चैत्रातील यात्रांना तमाशा आणणे हा गावकीच्या प्रतिष्ठेचा भाग समजला जात असे.

तमाशाविषयीचे लेखन बहुतेक वेळा एखाद्या थोर शाहिराभोवती किंवा एखाद्या गाजलेल्या कलावतीभोवती फिरते. हा दृष्टिकोन अपुरा आहे. तमाशा ही प्रथमपासून संचाची कला आहे, आणि ज्याला ‘फड’ म्हणतात तो संच समजून घेतल्याशिवाय त्यातील कोणत्याही एका व्यक्तीची कामगिरी नीट मोजता येत नाही. जुन्या फडांची नावेच ही गोष्ट सांगतात. होनाजी शिलारखाने या गवळी समाजातील कवीच्या रचना बाळा कारंजकर या शिंप्याच्या गळ्यातून लोकांपर्यंत गेल्या आणि तो फड ‘होनाजी-बाळा’ या जोडनावाने ओळखला गेला. १८६५ च्या सुमारास ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग रंगमंचावर आणण्याचे श्रेय ‘उमा-बाबू’ सावळजकर या जोडीला दिले जाते. आणि नारायणगावचा फडही ‘भाऊ-बापू’ या दोन भावांच्या नावाने उभा राहिला. रचणारा, गाणारा आणि फड चालवणारा या तिघांची कामे वेगळी आहेत आणि ती एकमेकांवर अवलंबून आहेत, याची जाण या नामकरणामागे दिसते.

तमाशाचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. संगीतबारीत लावणीचे गायन आणि नृत्य यांना प्राधान्य असते आणि ती बहुधा थिएटरात, म्हणजे तमाशासाठी बांधलेल्या कायम जागेत, सादर होते; ढोलकी-फडाच्या तमाशात मात्र गाणे, नाच, विनोद आणि नाट्य यांचा पूर्ण क्रम असतो आणि तो फड गावोगाव फिरतो. नारायणगावचा फड दुसऱ्या प्रकारातला. त्याच्या खेळाची सुरुवात गणाने, म्हणजे गणेशस्तवनाने होई. त्यानंतर मथुरेच्या बाजारी निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात ती गवळण. मग हजरजबाबी संवादांची बतावणी, लावण्यांची रंगबाजी आणि शेवटी मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत चालणारा वग, म्हणजे सलग कथानकाचे नाटक. या क्रमाला लागणारी माणसे ठरलेली असत. शाहीर गाणे उचलून धरी, त्याच्या मागे उभे राहून ध्रुपद वरच्या पट्टीत ओढणारे ते सुरते किंवा झीलकरी, तालाला ढोलकी आणि हलगी, स्वराला तुणतुणे, हातात मंजिरी, नाच आणि लावणीला कलावती, आणि सबंध रात्र सावरून धरणारा सोंगाड्या. सोंगाड्याचे स्थान विशेष महत्त्वाचे होते, कारण वगाची लेखी संहिता बऱ्याचदा नसेच. कथानकाचे टप्पे सर्वांना ठाऊक असत आणि त्यांमधील संवाद समोरच्या प्रेक्षकांकडे पाहून त्या त्या वेळी घडवले जात. अशा रचनेत एक ढोलकीवाला बदलला तरी लावणीचा चेहरा बदलतो, आणि एक सोंगाड्या सोडून गेला तर फडाचा अख्खा हंगाम धोक्यात येतो.

भाऊ-बापूंच्या फडाने आपल्या नावात ‘मांग’ हा जातिवाचक शब्द उघडपणे धारण केला होता. तमाशातील बहुसंख्य कलावंत मांग, महार, कोल्हाटी अशा समाजांतून आले, आणि गावकीच्या उतरंडीत ज्यांना वेशीबाहेर ठेवले गेले त्यांच्याच कलेशिवाय गावची यात्रा पुरी होत नसे, ही विसंगती या व्यवसायाच्या मुळाशी आहे. पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५), मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, हे ब्राह्मण घरातून तमाशात आले तेव्हा त्यांना जातीचा रोष पत्करावा लागला. भाऊ-बापूंना मात्र असा काही त्याग करण्याची सोयही नव्हती, ते जन्मानेच या कलेचे वारसदार होते.

या घराण्यात १९३५ साली, फड पंढरपुरास असताना, भाऊंना मुलगी झाली आणि तिचे नाव विठा ठेवण्यात आले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या पूर्ण नावाने ती पुढे महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाली. वडील आणि चुलते यांच्या फडातच तिचे शिक्षण झाले. गवळणीतील खट्याळपणा, लावणीतील अदा आणि वगातील करुण भूमिका ही तिन्ही अंगे तिला सारखीच साधत, आणि ढोलकी-फडाच्या कलावतीकडून अपेक्षित असलेली ही सर्वांगीण तयारी तिच्या पिढीत फार थोड्यांकडे होती. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा गौरव झाला. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात तिने सीमेवरील जवानांसमोर खेळ केले. प्रयोग चालू असताना पडद्यामागे प्रसूत होऊन ती पुन्हा रंगमंचावर आली, हा तिच्या आयुष्यातील प्रसंग महाराष्ट्रात इतक्या वेळा सांगितला गेला आहे की विठाबाई म्हटले की तोच आठवावा अशी स्थिती आली. तो प्रसंग तिच्या धैर्याचा आहेच, पण त्याहून अधिक तो या व्यवसायातील सक्तीचा पुरावा आहे : सुपारी घेतलेला खेळ थांबवणे फडाला परवडत नव्हते, आणि नायिकेच्या जागी उभी करायला दुसरी कलावती नव्हती. योगीराज बागूल यांनी ‘तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा’ या चरित्रात तिच्या जीवनाची नोंद केली आहे. १५ जानेवारी २००२ रोजी तिचे निधन झाले तेव्हा तिच्यापाशी पैसा उरला नव्हता.

असे का घडले याचे उत्तर फडाच्या अर्थव्यवहारात सापडते. दसऱ्याला हंगाम सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास संपतो. पावसाळ्याचे चार महिने उत्पन्न नसते, पण माणसे टिकवून ठेवायची असतात. त्यासाठी फडमालक कलावंतांना हंगामाआधीच ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम देतो, आणि ती देण्यासाठी तो स्वतः सावकाराकडून कर्ज घेतो. हंगामाच्या पूर्वार्धात फड कनात लावून तिकिटावर खेळ करतो, ज्यात पाऊस, थंडी, परीक्षा आणि निवडणुका यांचा थेट फटका बसतो. उत्तरार्धात यात्रांच्या सुपाऱ्या येतात आणि कर्ज फिटते की नाही ते त्यांवरच ठरते. या सुपाऱ्यांचा बाजार म्हणजे नारायणगावच्या राहुट्या. गुढीपाडव्याच्या आसपास राज्यभरातील फड येथे रस्त्याच्या कडेने छोटे तंबू लावतात, प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाची पाटी असते, आत व्यवस्थापक तारखांची वही घेऊन बसतो, आणि गावोगावचे यात्रा समितीचे पुढारी एका राहुटीतून दुसरीत फिरत भाव ठरवतात. पंढरीत वारकरी जमावेत तसे तमाशाचे जग येथे एकत्र येते, म्हणून नारायणगावला ‘तमाशा पंढरी’ म्हणतात. पुणे जिल्ह्यातील यात्रांत रात्रीच्या खेळाबरोबर दुसऱ्या दिवशी सकाळी ‘हजेरी’ही असते, म्हणजे देवासमोर किंवा चावडीपुढे फडाने पुन्हा गाऊन-नाचून दाखवायचे, त्यानंतर कुस्त्यांचा आखाडा आणि बैलगाडा शर्यती. एकाच फडाने रात्र जागवून सकाळी हजेरी द्यायची आणि संध्याकाळपर्यंत पुढच्या गावी पोहोचायचे, असा क्रम चैत्र-वैशाखात आठवडेच्या आठवडे चालतो.

शासनाचा या कलेशी संबंध नेहमीच दुहेरी राहिला. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई राज्यातील बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली, त्यानंतर सुधारणेसाठी समिती नेमली, आणि संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर खेळांना परवानगी दिली. ज्या कलेचे संवाद जागेवर घडत होते तिला लेखी संहितेची अट घालणे हा तिच्या प्रकृतीतच केलेला बदल होता. दुसरीकडे ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) हा तमाशाप्रधान चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात दोन वर्षांहून अधिक काळ चालला. म्हणजे शहरी मध्यमवर्गाला पडद्यावरचा तमाशा प्रिय होता आणि कनातीतला अप्रिय. पुढे ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आले आणि त्यांचा सर्वांत मोठा आघात वगावर झाला, कारण वगाची वेळच मध्यरात्रीनंतरची होती.

फडाचे नाव एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसे जाते, हा या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे. आधुनिक रॉक वाद्यवृंदांशी तुलना केली तर फरक ठळकपणे दिसतो. १९८२ साली जपानमधील चिबा प्रांतातील तातेयामा येथे योशिकी आणि तोशी या दोन बालमित्रांनी उभारलेला ‘एक्स जपान’ हा रॉक वाद्यवृंद १९९७ च्या अखेरीस विसर्जित झाला, पुढच्याच वर्षी त्याचा गिटारवादक हिदे मरण पावला, आणि २००७ मध्ये जुने सदस्य पुन्हा एकत्र आले तेव्हा हिदेची जागा भरून निघाली असे कोणी मानले नाही. तेथे वाद्यवृंद म्हणजे ती ठरावीक माणसेच. नारायणगावच्या फडात सदस्य बदलणे हा नियम होता आणि नाव हीच मालमत्ता होती. ते नाव घराण्यात राही, पण वारसांत वाटलेही जाई : विठाबाईंच्या मुली मंगला बनसोडे आणि मालती इनामदार यांनी स्वतंत्र फड चालवले, आणि आईच्या नावाने २००६ पासून दिला जाणारा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार पुढे मंगला बनसोडे यांनाही मिळाला. संगमनेरच्या कांताबाई सातारकर यांनी पती तुकाराम खेडकर यांच्या निधनानंतर पुन्हा स्वतःचा फड उभा केला आणि तो मुलगा रघुवीर खेडकर याच्यासह चालवला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. स्त्रीच्या नावावर फड चालणे आणि तो तिने मालक म्हणून चालवणे, ही गोष्ट मराठी रंगभूमीच्या इतर कोणत्याही शाखेपेक्षा तमाशात अधिक रुजली, याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

चाकण परिसर औद्योगिक झाल्यावर यात्रा बंद पडल्या नाहीत. भोसरी, मोशी, चिखली ही गावे महापालिकेत गेली तरी त्यांच्या ग्रामदैवतांचे उत्सव राहिले, आणि चाकणभोवतीच्या गावांत पाळीने काम करणारे कामगारही यात्रेला रजा काढतात. बदलला तो खेळ. रंगबाजीत चित्रपटगीते आली, तुणतुण्याशेजारी कीबोर्ड आणि ढोलकीशेजारी ड्रमसेट उभा राहिला, आणि वग आखूड होत गेला. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांचे यात्रा-हंगाम करोनामुळे बुडाले, तेव्हा उचल आणि कर्ज यांच्या साखळीत अडकलेले अनेक फड पार कोलमडले.

या फडांच्या ढोलकीवाल्यांची, सुरत्यांची आणि सोंगाड्यांची सलग नामावली आज कोठेही एकत्र वाचायला मिळत नाही. चाकण, खेड, आंबेगाव आणि जुन्नर येथील यात्रा समित्यांकडे जुन्या सुपारीच्या पावत्या, हिशेबाच्या वह्या आणि तमाशाची जाहिरातपत्रके अजून असू शकतात. गावाचे मंदिर नव्याने बांधताना किंवा कार्यालय हलवताना ते कागद रद्दीत न घालता जपून ठेवावेत आणि अभ्यासकांना पाहू द्यावेत.