टहाळ कुणाचा?

माझे आजोबा कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, खोताची जमीन कुळाने कसत. शेत त्यांच्या वहिवाटीत होते. पण बांधापलीकडच्या ऐनावर कोयता चालवायचा, तर खोताच्या माणसाची नजर चुकवावी लागे.

कोयता चालवायचा तो राबासाठी. रोपे करायच्या तुकड्यावर शेण, त्यावर झाडांचा टहाळ, मग पालापाचोळा, गवत आणि वर बारीक माती असा थर रचून उन्हाळ्यात भाजायचा. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवला की आग सावकाश सरकते. तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते, राखेचे खत मिळते. पाऊस आला की त्याच जागी भात पेरायचे. राब भाजला नाही तर रोप पिवळे पडते, असे आजी म्हणे. टहाळ नाही तर धड लावणी नाही. खोताचा अर्धेल मात्र ठरलेला!

ही अडचण खोताच्या जमिनीपुरती नव्हती. १८७८च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होऊ लागली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची तोड गुन्हा ठरू लागली. ठाणे-कुलाब्यात इतकी ओरड झाली, की १८८५मध्ये सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. राब खरोखरच लागतो का, यावर साहेब लोकांत वाद झडले, प्रयोगही झाले. आमच्या आजीला विचारले असते तरी चालले असते.

पुढे १९३३ ते १९३९ या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांचा संप झाला. तिथले भांडण मुख्यतः पिकाच्या वाट्याचे. झाडांबद्दल कायदा स्पष्ट बोलला तो १९४८च्या कूळ कायद्यात. कुळाने लावलेल्या झाडाचे उत्पन्न आणि लाकूड कुळाचे. आपोआप वाढलेल्या झाडांच्या उत्पन्नात कुळाचे दोन भाग, मालकाचा एक. पुढच्याच वर्षी खोती रद्द करणारा कायदाही झाला.

गावातल्या मास्तरांनी आजोबांना ते कलम वाचून दाखवले. ‘उत्पन्न म्हणजे फळे, का टहाळसुद्धा?’ आजोबांनी विचारले. मास्तरांना सांगता येईना. त्या फाल्गुनात आजोबांनी भर दुपारी ऐनावर शिडी लावली.