शिंपल्यांची खिडकी

मे महिन्यात गोव्याला मामाकडे गेले होते. मागच्या खोलीतली जुनी खिडकी शिंपल्यांची. पण या वेळी तिच्यात तीन चौकोन काचेचे दिसले!

पोर्तुगीज काळात गोव्यात काच महाग. त्यामुळे एका जातीच्या कालवांचे चपटे, पातळ शिंपले चौकोनी कापायचे आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवायचे. उजेड दुधासारखा येतो, ऊन टोचत नाही, बाहेरून आतलं दिसत नाही. एखादा फुटला की पट्टी ढिली करून दुसरा सरकवला, झाली दुरुस्ती. माल समोरच्याच खाडीत!

पुढे काच स्वस्त झाली. २००१ साली ही कालवं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आली. योग्यच झालं. पण मग फुटलेल्या शिंपल्याचं काय?

मामाला विचारलं, "मागे काच का लावलीस?"

"अगं, पुढच्या खिडकीतले तीन फुटले. मागचे काढून पुढे घातले."

म्हणजे मागची खिडकी हळूहळू पुढचीला जगवतेय. मागचे शिंपले संपतील तेव्हा? मामा काही बोलला नाही. मीही मग विचारलं नाही.

असो. तुमच्या घरी आहे का अशी एखादी खिडकी?