शनिवारचं तेल

शनिवारी घरात तेल विकत आणू नये, हे आपल्याकडे कुणाला मुद्दाम शिकवावं लागत नाही. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: शनी. मला ते पुरत नाही, आणि त्याला जबाबदार आहेत अलिबागकडचे शनिवार तेली.

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले यहुदी; त्यांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. परंपरा सांगते की नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे वंशज कोकणात तेल गाळू लागले. पुढे कुणी पेणकर झाले, कुणी रोहेकर, कुणी किहीमकर. पोथ्या गेल्या, बोली मराठी झाली. शनिवार मात्र सुटला नाही. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले.

माझं मन अडकतं ते घाण्यापाशी. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वर्ज्य कामांचे 39 मूळ प्रकार यहुदी शास्त्र्यांनी मोजले आहेत. रसासाठी किंवा तेलासाठी फळ पिळणं ते मळणीच्या पोटात घालतात. शिवाय विश्रांतीची आज्ञा नुसती माणसाला नाही, त्याच्या जनावरालाही आहे. म्हणजे तेली बसला की बैलही सुटला. जुन्या गावातलं एक मोठं यंत्र धर्माच्या शब्दावर दर आठवड्याला थांबत होतं.

आता माझा तर्क. जिथे तेलीच शनिवारी तेल देत नाही, तिथे दोन-तीन पिढ्यांत ‘मिळत नाही’चं ‘घेऊ नये’ व्हायला काय लागतं? कारण विसरलं जातं, मनाई उरते. मग मनाईला धनी शोधला जातो आणि शनी तर दारातच उभा असतो.

यावर पहिला घाव सोमवार तेल्यांचा. तेही कोकणातलेच, शंकराच्या वारी घाणा बंद ठेवणारे. पण सोमवारी तेल घेऊ नये असं कुणी म्हणत नाही. माझं उत्तर असं की त्या मनाईला धाकाचा देव मिळाला नाही. शंकर पडला भोळा. उत्तर सोयीचं आहे, कबूल. दुसरा घाव जास्त खोल: हीच समजूत उत्तर भारतातही आहे आणि तिथे बेने इस्राएलांचे घाणे नव्हते. एका रूढीला दोन उगम असू शकतात, एवढंच म्हणून मी पुढे सरकतो.

‘हे वेदकाळापासून आहे’ हा दावा मात्र मी अजिबात ऐकून घेणार नाही. ग्रहांच्या नावाचे सात वार आपल्याकडे आले तेच ग्रीक ज्योतिषाच्या वाटेने. तारखेसोबत वार देणारा सर्वांत जुना ज्ञात भारतीय कोरीव लेख मध्य प्रदेशातल्या एरणचा, इ. स. 484 चा, आणि त्यातला वारही गुरुवार.

खरी गंमत पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात तेलाची सर्वांत जास्त विक्री होते ती शनिवारीच! शनीच्याच गावात मनाई लागू नाही. देवाचं तेल वेगळं, घरचं वेगळं, असं भाविक सांगतात. तेही पटतं.

याच गावात घरांना दारं-कुलपं नसण्याची प्रथा. युको बँकेने 2011 मध्ये इथे बिनकुलपाची शाखा काढली तेव्हा काचेच्या दाराला नजरेत न येणारा, विजेवर चालणारा अडसर बसवल्याच्या बातम्या होत्या. इस्राएलमधल्या शब्बाथच्या लिफ्टमागचा विचार अगदी हाच: नेम पाळायचा, पण कामही अडू द्यायचं नाही. बटण दाबून वीज जोडणं हे वर्ज्य कामात मोडतं, म्हणून ती लिफ्ट आपणहून प्रत्येक मजल्यावर थांबते आणि कुणाला बोट लावावं लागत नाही. अशाने नेम पळवाटेपुरता उरतो, असं म्हणणारे दोन्हीकडे भेटतील. मला तसं वाटत नाही. यंत्राला वळवून घेण्याचा खटाटोप तोच करतो ज्याला नेम मोडायचा नसतो. माझ्या लेखी त्या लिफ्टचा पूर्वज म्हणजे रायगड जिल्ह्यातला बंद घाणा, मग तेलाच्या मनाईचं श्रेय कुणालाही जावो.

लाकडी घाण्याचं तेल आता पुन्हा बाजारात आलं आहे, पण घाण्याच्या सुट्टीचा वार कुणी विचारत नाही. नेवासा, राहुरी, शेवगावकडच्या तेली घरांत घाणा कोणत्या वारी बंद असे आणि का, हे आजी-आजोबांकडून ज्यांनी ऐकलं असेल त्यांनी ते लिहून ठेवावं. माझा तर्क त्यात मोडला तरी चालेल.