दुसऱ्याच्या वहीत डोकावून

एचटीएमएल शिकताना आपण पहिल्यांदा टंकतो त्या मथळ्याच्या आणि परिच्छेदाच्या खुणा. या खुणा वेबपेक्षाही जुन्या आहेत. जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकीच्या प्रयोगशाळेत कागदपत्रांसाठी एसजीएमएल पद्धतीच्या अशाच खुणा आधीपासून वापरात होत्या. तेथे काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या सुमारास वेबची भाषा रचताना त्यांतल्या बऱ्याचशा जवळजवळ तशाच उचलल्या. खरी नवी होती ती 'ए' ही खूण. 'ए' म्हणजे अँकर, नांगर. तिच्यात दुसऱ्या पानाचा पत्ता लिहिला की शब्दावर टिचकी मारताच ते पान समोर येते, मग ते दूरदेशीच्या संगणकावर का असेना. पहिल्या यादीत जेमतेम १८ खुणा होत्या. चित्राची खूण १९९३ मध्ये, मोझेकबरोबर आली.

३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबची आज्ञावली सर्वांना विनामूल्य खुली केली. पण भाषा पसरायला आणखीही एक कारण झाले, असे आम्हाला वाटते. अनोळखी खूण दिसली तरी ब्राउझर अडून बसत नाही. आतला मजकूर दाखवतोच. शिवाय कोणत्याही पानामागचा एचटीएमएल उघडून पाहता येतो. कितीतरी लोक असेच, दुसऱ्याच्या वहीत डोकावून शिकले. (वर्गात आपण याला कॉपी म्हणतो!)

आज मोठ्या संकेतस्थळांमागचा मजकूर बहुधा यंत्रानेच जुळवलेला असतो. डोकावून फारसे हाती लागत नाही. सर्नने २०१३ मध्ये मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवलेले पहिले संकेतस्थळ मात्र मुलांनाही ओळीओळीने वाचता येईल इतके साधे आहे.